तारेवरची कामं

आमच्या पडवीत दाराच्या चौकटीला एक तार लटकते. वर आकडा, खाली लाकडाची चकती. घरपट्टीची पावती, वीजबिल, लग्नाची पत्रिका, जे येईल ते आकड्यातून टोचून खाली सरकवायचं, ही बाबांच्या वेळची पद्धत. खाऱ्या हवेने ती इतकी गंजलीय की प्रत्येक कागदाच्या भोकाभोवती तांबूस टिकली उमटते.

मी मात्र फोनवाला. तीन ॲप झाली. एकात कामांना रंग देता येत. रंग देण्यात अख्खा रविवार गेला, कलमांची फवारणी राहिली. मग वही केली. ती जुलैच्या दमट हवेने पापडासारखी फुगली आणि पेन त्यावर उठेना.

आईकडे यातलं काहीच नाही. तिची कामं तारखेला नव्हे, नक्षत्राला बांधलेली. आगोटीच्या आत, म्हणजे पाऊस लागायच्या आधी, छपराचे नळे परतायचे, लाकडं खोपीत रचायची, मीठ, सोलं, सुकं भरून ठेवायचं. मृग ७ किंवा ८ जूनला लागतो आणि त्याला 'थोड्या वेळाने आठवण कर' असं सांगायची सोय नाही. शेजारचे होडीवाले तसेच. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणजे मेअखेर होडी वर ओढलेली दिसतेच.

माझी कामं निराळी. पंपवाल्याला फोन, विम्याचा हप्ता, मुंबईच्या भावाला सातबाऱ्याचा फोटो. यांच्यावर पाऊस पडत नाही, म्हणून ती होत नाहीत. ब्लूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२७ मध्ये मांडलं, की पुरं झालेल्या कामापेक्षा अर्धवट राहिलेलं जास्त लक्षात राहतं. पुढच्या प्रयोगांत ते दर वेळी तसंच आढळलं नाही म्हणतात. मलाही नाही आढळलं. पंपवाल्याचा फोन लागला नाही म्हणून ठेवला, तो महिनाभर ठेवलेलाच.

शेवटी कॅलेंडरची उलटलेली पानं कापून चिठ्ठ्या केल्या आणि तारेला लावायला लागलो. एका चिठ्ठीवर एकच काम, आणि तेही नीट लिहायचं. 'पंप' असं नाही, 'पंपवाल्याला सकाळी नवाच्या आत फोन', कारण नवानंतर तो गडग्यापलीकडच्या कुणाच्या तरी विहिरीत उतरलेला असतो. तारेची एक खोड आहे : नवं वर, जुनं तळाशी, आणि तळातलं काढायचं तर वरचं सगळं उतरवावं लागतं. आधी वैताग आला, आता तेच कामाला येतंय. रविवारी चहानंतर सगळी तार झोपाळ्यावर रिकामी करतो. काही चिठ्ठ्या फाडतो, फोनाबिनाची कामं तिथेच उरकतो, उरलेल्या परत टोचतो. काही चिठ्ठ्यांना आता चार-चार भोकं आहेत. बघूनच लाज वाटते.

आई हे सगळं लसूण सोलत बघत असते. मध्यंतरी तळाला एक अनोळखी चिठ्ठी सापडली, तिच्या अक्षरातली : 'तार गंजलीय. नवी आण.'

तिला तीन भोकं झालीत.