तोंड आळंदीकडे, पावलं पंढरीकडे

आळंदीहून वारीला निघाले तेव्हा सातवीतल्या एका मुलीचा प्रश्न माझ्यासोबत होता. वर्गात पूर्णांकांचा गुणाकार सुरू होता. ऋण गुणिले ऋण बरोबर धन, असं मी फळ्यावर लिहिलं आणि ती उठली. "बाई, कर्जाला कर्जानं गुणलं तर पैसे कसे येतात?" घरात कर्ज पाहिलेलं पोर ते. "नियम आहे, पाठ कर" असं तिला सांगायला माझी जीभ रेटेना. रजा सुरू होईपर्यंत चार-पाच तऱ्हांनी समजावून पाहिलं. ती मान डोलवायची, पण डोळ्यांत काही उतरत नव्हतं.

पुण्याहून सासवडला जाताना दिवे घाट लागतो. तिथं मुद्दाम त्याच प्रश्नावर विचार करू म्हटलं, पण चढावर श्वास, पाय आणि डोक्यावरची तुळस यांतच सगळं लक्ष गेलं. जेजुरी, वाल्हे मागे पडलं. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर पायांना रस्ता समजला. कुठे टेकायचं, कधी पाणी प्यायचं हे ठरवावं लागेना. टाळांच्या ठेक्यावर पावलं आपोआप पडू लागली. मोबाइल पिशवीच्या तळाशी होता. तो हातात असता तर हा मोकळेपणा मिळाला नसता, याची मला खात्री आहे. एरवी बसस्टॉपवरची पाच मिनिटंसुद्धा आपण त्यानंच भरून टाकतो.

नीरेत माऊलींच्या पादुकांना स्नान झालं, लोणंद झालं, आणि तरडगावच्या लहान टप्प्यावर चांदोबाच्या लिंबाजवळ उभं रिंगण पाहिलं. त्या संध्याकाळी तंबूमागे मी खिचडीचं मोठं पातेलं घासत होते. तळाला करपलेलं होतं. राख, काथ्या, गोल गोल हात. मनात गुणाकार नव्हता, मुलगी नव्हती. पलीकडे कोणीतरी टाळ वाजवून पाहत होतं. आणि एकदम दुपारचा टाळकरी डोळ्यांपुढे आला. पावल्या खेळताना पुढच्या रांगेतले काही जण वीणेकऱ्याकडे तोंड करतात आणि उलट्या पावलांनी मागे सरकतात. तोंड आळंदीकडे, पावलं मागे, आणि माणूस चाललाय पंढरपूरकडे!

हात थांबला. तोंड उलट दिशेला, हे एक ऋण. पाऊल मागे, हे दुसरं ऋण. आळंदीकडे तोंड करून, दोन-दोन पावलं मागे, असं तीनदा केलं तर सहा पावलं पंढरपूरच्या बाजूला पडतात. ओल्या राखेत बोटानं रेघ ओढून मी ते करून पाहिलं. डोळे भरून आले. ते टाळकरी मी रोज पाहत होते, आणि उत्तर मिळालं पातेल्यापाशी.

साताऱ्याकडच्या एक मावशी शेजारी भाकऱ्या थापत होत्या. त्यांना सांगितलं, तर गुणाकार बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, "माज्या आईला जात्यावर बसली की ओव्या सुचायच्या. नुसतं बसून म्हन म्हटलं, तर एक बी आठवायची न्हाई. हात गुतला की मन सुटतं, बाय." बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यांची गाणीही घरकामात आणि शेतकामातच जुळली.

गणितातही अशी एक वाट आहे. आयरिश गणितज्ञ विल्यम हॅमिल्टन तीन-तीन संख्यांच्या गटांचा गुणाकार कसा करायचा यात अडकला होता. रोज सकाळी न्याहारीला मुलं विचारायची, "बाबा, जमला का गुणाकार?" १६ ऑक्टोबर १८४३ रोजी डब्लिनजवळ कालव्याकाठानं तो बायकोबरोबर चालला होता, आणि चालता चालता उत्तर सुचलं: तीन नव्हे, चार हवेत. ब्रूम पुलाच्या दगडावर त्यानं चाकूनं ते सूत्र कोरलं.

मेंदूच्या अभ्यासकांनी यावर बरंच काम केलं आहे. आपण एखाद्या कामावर लक्ष केंद्रित केलेलं नसतं तेव्हाही मेंदूचे काही भाग जोमानं काम करत असतात. मार्कस रेचल आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये या स्थितीला 'डिफॉल्ट मोड' असं नाव दिलं. तेव्हा आठवणी, पाहिलेली दृश्यं, अर्धवट राहिलेले प्रश्न एकमेकांना भेटू शकतात. २०१२ च्या एका प्रयोगात हलकं काम दिलेल्या लोकांना आधी हाताळलेल्या प्रश्नांवर जास्त कल्पना सुचल्या. नव्या प्रश्नांवर मात्र तसा फरक दिसला नाही. पुढच्या सगळ्याच प्रयोगांत हे तसंच आढळलं असं नाही. पण माझ्या बाबतीत त्यातली एक गोष्ट तंतोतंत पटते: प्रश्न आधी मनात घर करून बसलेला होता. आधी चार-पाच वेळा हरले नसते, तर तो टाळकरी मला नुसता टाळकरीच दिसला असता.

फलटण, नातेपुते, माळशिरस, वेळापूर करत वाखरीला पोचले, तोवर ते उत्तर मी मनात शंभरदा चालून पाहिलं होतं.

शाळेत परतले तेव्हा मैदानावर फक्कीनं लांब रेघ मारली. मधे शून्य, एका टोकाला पंढरपूर, दुसऱ्याला आळंदी. तीच मुलगी शून्यावर उभी राहिली. आळंदीकडे तोंड केलं आणि दोन-दोन पावलं मागे, तीनदा. मग वळून तिनं पायाखालचा आकडा पाहिला. बराच वेळ बोललीच नाही.

"बाई," ती म्हणाली, "आता भागाकार चालून दाखवा."

ते मला अजून सुचलेलं नाही.