आमची वाटचाल: खळ, ऊन आणि दोन चिमटे

आम्ही विट्यात मासिक पाळीसाठी धुऊन पुन्हा वापरायचे कापडी पॅड शिवतो. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये चार मशीन, पाच बायका, एवढाच आमचा पसारा. विटा हे यंत्रमागाचं गाव. सुती कापड दारात मिळतंय म्हटल्यावर निम्मं काम झालं, असं मला सुरुवातीला वाटलं होतं.

पहिले चाळीस नग बचत गटातल्या बायकांना वापरायला दिले. सगळ्यांचं एकच म्हणणं आलं, "ताई, हे शोषतच नाही, वरनं ओघळतंय." चूक माझी होती. मागावर चढवण्याआधी ताण्याच्या, म्हणजे उभ्या सुताला खळ देतात; खळ असेतोवर कापड नीट शोषत नाही. ती न काढताच मी कापड कापलं होतं. आता ठाण गरम पाण्यात भिजवून, दोन-तीनदा धुऊन वाळल्याशिवाय आम्ही कात्री लावत नाही.

दुसरी चूक मोठी होती, आणि ती कळायला वर्ष गेलं. डाग दिसू नयेत म्हणून आम्ही वरचा थर गडद रंगाचा घ्यायचो. बायकांनाही तेच हवं असायचं. पण डाग दिसत नाही म्हणजे नीट धुतलं गेलं का, तेही दिसत नाही! शिवाय पॅड जाड शिवलेलं. ते कुणी पेटीमागं, तर कुणी ओल्या साडीखाली लपवून वाळवायचं. पावसाळ्यात दोन दिवस झाले तरी आतून ओलं, कुबट. तेच पुन्हा वापरलं की खाज सुटणार, पुरळ उठणार. कापड वाईट नसतं, ओलं कापड वाईट. हे मी प्रत्येक बैठकीत सांगते.

मग पॅड घडीचं केलं. उलगडलं की हातरुमालाएवढं पातळ होतं, उन्हात लवकर वाळतं. वरचा थर आता फिकाच असतो. धुताना आधी गार पाणी, मग साबण; गरम पाण्यात रक्ताचा डाग पक्का बसतो.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आम्ही सांगलीत पूरग्रस्तांच्या छावणीवर पॅड घेऊन गेलो होतो. तिथं प्यायच्या पाण्याची मारामार, दोरी बांधायला जागा नाही. आमचे पॅड परत आणले आणि दुकानातले एकदा वापरून टाकायचे घेऊन दिले. त्यात प्लास्टिक असतं, वर्षानुवर्षं कुजत नाही, हे ठाऊक असूनही दिले. पाणी आणि ऊन नसेल तिथं कापडाचा आग्रह धरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ऊसतोडीच्या फडावरही मी हेच सांगते.

घरी मात्र दोन्ही असतं. अडतं ते दोरीपाशी. आमच्या सासूबाई पहिली दोन वर्षं अंगणात पॅड वाळत घालू देत नव्हत्या. आता वारा सुटला की त्याच ओरडतात, "अगं, उडतील की ती!" तेव्हापासून प्रत्येक पाकिटात आम्ही दोन चिमटे घालतो.