लोरेतोला राहायला जाताय? आधी मासा ठरवा

मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पाच्या पूर्व किनाऱ्यावर, कोर्तेसच्या समुद्राकाठी, म्हणजेच कॅलिफोर्नियाच्या आखाताकाठी, लोरेतो हे छोटं गाव आहे. १६९७ साली जेझुइट पाद्री हुआन मारिया दे साल्वातिएर्रा यांनी इथे मिशन उभारलं, तेव्हापासूनचं. मागे हिगान्ता डोंगररांग, समोर कोरोनादोस, कार्मेन, दान्सान्ते ही बेटं. अमेरिकन आणि कॅनेडियन निवृत्त मंडळी इथे मोठ्या संख्येने राहतात. त्यातली बरीचशी ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतात आणि मे संपता संपता परततात. समुद्र मात्र वर्षभर चालू असतो, आणि दर ऋतूत वेगळा मासा देतो. म्हणून गळ टाकण्याच्या ओढीने इथे घर करायचं असेल, तर घर, व्हिसा, होडी हे सगळं नंतर. कोणत्या माशासाठी जायचं, ते आधी ठरवावं.

हिवाळ्याचा राजा हुरेल, म्हणजे यलोटेल. साधारण डिसेंबर ते मे. पाण्याचं तापमान फेब्रुवारीच्या सुमारास १७-१८ अंशांवर येतं आणि हे मासे खोल खडपांवर जमतात. कार्मेन बेटाचं पुन्ता लोबोस हे टोक, उत्तरेला पुन्ता पुल्पितो, अशा जागा. पांगा, म्हणजे २२ ते २६ फुटी फायबरची उघडी होडी, अंधारातच बंदरातून निघते. आधी जिवंत आमिष घ्यायचं: माकारेला (बांगड्यासारखा मासा), नाहीतर सार्दिना (तारलीसारखा). आमिष विकणारे पहाटेच होडीतून देतात. ते मिळालं नाही तर बारीक गळांची माळ सोडून स्वतः पकडावं लागतं. आमिषाच्या टाकीत पाणी सतत फिरतं ठेवा आणि गर्दी करू नका. वीस दमलेल्या माकारेलांपेक्षा आठ टवटवीत कधीही चांगल्या. अंगावरचे खवले उडालेलं आमिष तळाला पोचेपर्यंत मरतं आणि मेलेल्याकडे हुरेल सहसा ढुंकूनही बघत नाही.

मांडणी अशी: रिळावर ५० ते ६५ पौंड ताण सोसणारी वेणीची दोरी, तिच्या टोकाला ५०-६० पौंडांची पाच-सहा मीटर फ्लुओरोकार्बन, म्हणजे घासली तरी सहज न तुटणारी दोरी. सगळ्यात खाली १७० ते २८० ग्रॅमचं शिसं. त्याच्या हातभर वर फास बांधून त्यात ४/० चा गळ, आणि आमिष नाकातून टोचलेलं. खोली ४० ते ७० मीटर. शिसं तळाला टेकलं की लगेच दोन-तीन वेटोळे वर घ्या, नाहीतर ते खडकात रुतेल. फ्लुओरोकार्बनचा तो तुकडा वाचवण्याचा मोह टाळा. वेणीची दोरी ताणाला कितीही दणकट असली तरी खडकाच्या धारेला घासली की क्षणात तुटते.

मासा लागल्यावर पहिले दहा मीटर निर्णायक. हुरेल सरळ खाली खडपात घुसतो. एकदा कपारीत शिरला की गेलाच म्हणायचा. म्हणून रिळाचा ड्रॅग, म्हणजे ताण आल्यावर दोरी सुटू देणारा ब्रेक, आधीच दोरीच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश इतका लावून ठेवावा. वजनकाट्याने मोजून लावावा, हाताच्या अंदाजाने नव्हे. रॉड उंच उचलून मिरवू नये. टोक खाली ठेवून छोटे छोटे उपसे घ्यावेत. जिवंत आमिष संपलं की १७० ते २३० ग्रॅमचं लोखंडी आमिष तळापर्यंत सोडून, जमेल तितक्या वेगाने गुंडाळत वर आणायचं. त्याच्या वेगाला हुरेल झडप घालतो. पण खांदे दुखतात, हे खरं. आणि होडीतल्या सगळ्यांनी दोऱ्या एकाच बाजूने सोडाव्यात. वारा होडीला एका दिशेला नेतो, खालचा प्रवाह दोऱ्यांना दुसऱ्या. दोन बाजूंनी सोडल्या तर होडीखालीच गुंता होतो.

हिवाळ्याचा शत्रू म्हणजे नोर्ते, उत्तरेचा वारा. अमेरिकेच्या अंतर्भागात, ग्रेट बेसिनवर, हवेचा दाब वाढला की हा वारा आखाताच्या लांबीभर सुसाट येतो आणि दोन ते चार दिवस थांबत नाही. आखात लांब आणि अरुंद आहे, त्यामुळे लाटा आखूड आणि उभ्या उठतात. मोठ्या समुद्रातल्या लांब लाटेवर होडी स्वार होते, इथे ती आपटत राहते. म्हणून फक्त तीन दिवसांसाठी येऊ नये, तिन्ही दिवस किनाऱ्यावर बसून जाऊ शकतात. आठवडा हाताशी ठेवा, आणि पांगेवाला "आज नको" म्हणाला तर वाद घालू नका.

उन्हाळ्यात चित्र पालटतं. पाणी २९-३० अंशांवर जातं आणि दोरादो, म्हणजे माही-माही, येतात. साधारण जून ते ऑक्टोबर, ऐन भर जुलै-ऑगस्टात. ते वरच्या थरात असतात. तरंगतं शेवाळ, ओंडका, वाहून आलेली दोरखंडं, काहीही सावली देणारं दिसलं की तिथे थांबावं. सहा ते आठ नॉट वेगाने पिसांची आमिषं ओढत शोध घ्यायचा. पहिला दोरादो लागला की त्याला घाईने आत ओढू नका. तो पाण्यात असेपर्यंत थवा होडीभोवती घुटमळतो आणि बाकीच्यांना २० ते ३० पौंडांच्या हलक्या दोरीवर जिवंत सार्दिना सोडता येते. दोरादो झपाट्याने वाढतो आणि चार-पाच वर्षांपलीकडे क्वचितच जगतो. तरी लहान माद्या सोडून द्याव्यात असं माझं ठाम मत आहे, पुढच्या हंगामाचा थवा त्यांच्याच जिवावर उभा राहतो. होडीत घेतलेला दोरादो बेभान उसळतो आणि गळ तोंडातच असतो, त्यामुळे त्याला थेट बर्फाच्या पेटीत घालून झाकण दाबून धरावं. पायात गळ रुतण्याचे प्रकार असेच होतात.

पेस गाय्यो, पाठीवर तुऱ्यासारखे लांब काटे असलेला, किनाऱ्याजवळ वाळूवर मिळतो. खायला बेताचा, झुंजायला अफाट. त्याच्यासाठी वर्तुळाकार गळ वापरा आणि झटका देऊ नका. दोरी सैल सोडून त्याला आमिष गिळायला वेळ द्या, मग नुसतं गुंडाळत जा. गळ आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसतो आणि मासा सोडताना धडधाकट जातो.

सिएर्रा हा आपल्या सुरमईचाच भाऊबंद, एकाच स्कोम्बेरोमोरस वंशातला. हिवाळ्यात भरपूर. दात असे की नायलॉन कापतात, तेव्हा गळापाशी बोटभर तारेचा तुकडा हवाच. इथे त्याचं लिंबाच्या रसात मुरवलेलं सेविचे करतात. तळायचा तर सुरमईसारखाच तळावा, फक्त मांस थोडं नरम असतं, म्हणून तुकडे जाड ठेवा.

आता कायदा. होडीतून गळ टाकणाऱ्या प्रत्येकाला मेक्सिकोचा क्रीडा-मासेमारी परवाना लागतो. एक दिवस, आठवडा, महिना किंवा वर्षाचा मिळतो. किनाऱ्यावर उभं राहून मासे धरायला लागत नाही. स्वतःची नाव असेल तर पाहुण्यांसकट सगळ्यांचे परवाने काढून ठेवलेले बरे. समुद्रात माणशी एका वेळी एकच रॉड, आणि दिवसाला दहा मासे, त्यात एका जातीचे पाचापेक्षा जास्त नाहीत. मार्लिन, सेलफिश, स्वोर्डफिश यांपैकी एकच. दोरादो आणि पेस गाय्यो दोन-दोन. या जाती किनाऱ्यापासून ५० सागरी मैलांपर्यंत क्रीडा-मासेमारीसाठीच राखीव आहेत. धरलेला मासा विकणं गुन्हा. शिंपले, खेकडे, कोळंबी परदेशी माणसाने स्वतः काढायची नाहीत. लोरेतोची प्रसिद्ध चॉकलेटी शिंपली खायची तर विकतच घ्या. खडीत उभी मांडून वर काटक्यांचा जाळ करून भाजतात, अप्रतिम लागतात. शिवाय समोरचा समुद्र १९९६ पासून राष्ट्रीय उद्यान आहे. त्याचं शुल्क वेगळं असतं आणि काही भागांत मासेमारीला पूर्ण बंदी आहे. ते भाग नकाशावर बघून मगच निघावं.

एका गोष्टीकडे फार लोक दुर्लक्ष करतात: बर्फ. हुरेल, दोरादो, सिएर्रा या माशांच्या मांसात उष्णतेने हिस्टामिन तयार होतं आणि ते शिजवूनही जात नाही. खाल्ल्यावर चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं, अंगावर पुरळ उठतं. लोक त्याला माशाची ॲलर्जी समजतात, वास्तविक मासा उन्हात राहिलेला असतो. उपाय सोपा. मासा वर आला की कल्ल्यांखालची शीर कापून रक्त वाहू द्या, मग दोन भाग बर्फ आणि एक भाग समुद्राचं पाणी अशा थंडगार लगद्यात तो पूर्ण बुडवा. नुसत्या बर्फावर ठेवलेल्या माशाची वरची बाजू कोमटच राहते. पुढे तुकडे चार अंशांखाली राहिले पाहिजेत. आणि खोलातून काढलेला काब्रिया, हेकरूच्या जातीतला, सोडायचा असेल तर त्याच्या तोंडातून बाहेर आलेला फुगा टोचू नका. ते त्याचं पोट असतं. वजन लावून त्याला पुन्हा खोलात उतरवून सोडा.

कागदपत्रांचं. भारतीय पासपोर्टला मेक्सिकोचा व्हिसा लागतो, पण अमेरिकेचा चालू व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असेल तर पर्यटक म्हणून त्याशिवाय जाता येतं. कमाल मुदत १८० दिवस, पण तितके मिळतीलच असं नाही. सीमेवरचा अधिकारी लिहील तेवढेच, तेव्हा तिथेच आकडा वाचून घ्या. दोन्ही हंगाम करायचे तर तात्पुरता निवासी व्हिसा बघावा. अर्ज मेक्सिकोबाहेरच्या वकिलातीत करायचा, उत्पन्न किंवा शिल्लक दाखवायची. त्याचे आकडे दरवर्षी बदलतात आणि वकिलातीगणिक थोडा फरक असतो. व्हिसा घेऊन आत आल्यावर ३० दिवसांत इमिग्रेशन कार्यालयात कार्डासाठी जावं लागतं. नेहमीची चूक इथे होते: विमानतळावर अधिकारी सवयीने पर्यटक म्हणून नोंद करतो आणि माणूस हसत पुढे जातो. मग सगळी प्रक्रिया अडते. कार्ड आधी एका वर्षाचं, मग नूतनीकरण करत एकूण चार वर्षांपर्यंत, त्यानंतर कायम निवास. ग्रीन कार्डवाल्यांनी अमेरिकेबाहेरच्या महिन्यांचा हिशेब काटेकोर ठेवावा.

घर आधी भाड्याने घ्या, आणि त्यात एक ऑगस्ट महिना काढा. दिवसा पारा ३५ च्या पुढे, हवा दमट, आणि सप्टेंबर हा वादळांचा महिना. २०१४ च्या सप्टेंबरात ओदिल वादळ द्वीपकल्पावर आदळलं होतं. विजेला सरकारी सवलत आहे, पण वर्षाची सरासरी ठरलेल्या मर्यादेपुढे गेली की ग्राहक जास्त वापराच्या महाग दरात ढकलला जातो. सलग एसी चालवणाऱ्याचं बिल त्यामुळेच फुगतं. म्हणून घर बघताना पश्चिमेकडच्या भिंतीवर सावली आहे का, छत उष्णतेपासून झाकलेलं आहे का, ते आधी बघा. पाणी छतावरच्या टाकीतून येतं, सहसा ११०० लिटरची. नळाला रोज पाणी येईलच असं नाही, तेव्हा खाली जमिनीत हौदही हवा. पिण्याचं पाणी २० लिटरच्या जारमध्ये.

विकत घ्यायचं तर किनाऱ्यापासून ५० किलोमीटरच्या पट्ट्यात परदेशी माणसाच्या नावावर थेट जमीन होत नाही. बँकेच्या नावे ट्रस्ट करावा लागतो. त्याला फिदेइकोमिसो म्हणतात. मुदत ५० वर्षांची, पुढे वाढवता येते, आणि बँकेची वार्षिक फी चालू राहते. किंमत संशयास्पद कमी असेल तर जमीन एहिदोची, म्हणजे गावाच्या सामायिक मालकीची, आहे का ते नोतारिओकडून, म्हणजे मालमत्तेचे व्यवहार नोंदवणाऱ्या सरकारमान्य वकिलाकडून, तपासून घ्या. एहिदोच्या जमिनीवर नुसत्या कागदी करारावर बांधलेलं घर कायद्यापुढे टिकत नाही.

गाडीने आलात तर तिहुआनापासून एक क्रमांकाचा महामार्ग धरायचा, ११०० किलोमीटरच्या आसपास. एल रोसारिओला टाकी भरल्याशिवाय पुढे जाऊ नका, ग्वेर्रेरो नेग्रोपर्यंत भरवशाचा पंप नाही आणि अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या घरात आहे. रात्री चालवू नका: रस्त्याला कडेची पट्टी नाही आणि गुरं डांबरावर येऊन बसतात. अमेरिकी विमा इथे चालत नाही, मेक्सिकोचा घ्यावा लागतो. साडेचार मीटरपेक्षा लांब नाव ओढून आणणार असाल तर तिचा तात्पुरता आयात परवाना लागतो, तो दहा वर्षांचा मिळतो. इंधनात पाणी निघतं, म्हणून नावेच्या इंजिनाला १० मायक्रॉनचा पाणी वेगळं काढणारा फिल्टर बसवा आणि दोन जादा जवळ ठेवा. मोठ्या आजारपणासाठी ला पास गाठावं लागतं, साडेतीनशे किलोमीटर दूर. हृदयाचा त्रास असलेल्यांनी हे घर ठरवण्याआधी विचारात घ्यावं.

स्वतःची नाव असली तरी पहिलं वर्ष गावातल्या पांगेवाल्याबरोबर काढावं, असा माझा आग्रह आहे. खडप कुठे आहे हे यंत्र दाखवतं. कोणत्या भरतीला तिथे मासा उभा असतो, ते त्यालाच ठाऊक. त्याला "कापितान" म्हणून हाक मारा. भाडं आदल्या दिवशी बोलून ठरवा: आमिष, बर्फ, परवाना, उद्यानाचं शुल्क त्यात धरलंय का, तेही. वर १५ ते २० टक्के बक्षीस रोख पेसोत द्यावं, डॉलर बदलायला त्याचाच खर्च होतो. मासे साफ करणाऱ्या पोराला वेगळे द्या. आपल्याला एका जेवणापुरतं ठेवून उरलेलं मांस कापितानच्या घरी पाठवा, पण विकायला म्हणून कधीच नको, कारण पकडलं गेलं तर परवाना त्याचा जातो.