चेस्टरच्या घोड्याची समाधी

चेस्टर हे न्यूयॉर्क राज्याच्या ऑरेंज काउंटीतलं छोटंसं गाव. न्यू जर्सीहून रूट १७ धरला की फार लांब नाही. हॅम्बलटोनियन अव्हेन्यू म्हणजे साधी राहती गल्ली, अन् तिथेच ग्रॅनाइटचा उंच स्तंभ उभा. १८९३ साली उभारलेली ही समाधी चक्क एका घोड्याची!

हॅम्बलटोनियन जन्मला १८४९ मध्ये, जवळच्याच शुगर लोफला. बाप अब्दल्ला, दिसायला ओबडधोबड आणि स्वभावाने तिरसट. आई लंगडी. जोनास सीली या शेतकऱ्याकडे विल्यम रिस्डिक नावाचा गडी होता. त्याचा या शिंगरावर जीव जडला आणि त्याने मायलेकरं १२५ डॉलरला विकत घेतली. गड्याच्या खिशाला हे पैसे काही थोडे नव्हते. पुढे याच घोड्याकडून घोडी भरवून घ्यायला लोक ५०० डॉलर मोजू लागले! गंमत म्हणजे हा स्वतः शर्यतीत जवळजवळ उतरलाच नाही. नाव काढलं ते पोरांनी. १८७६ मध्ये तो गेला तोवर तेराशेच्या वर शिंगरं झाली होती. आज अमेरिकेतल्या जवळपास प्रत्येक स्टँडर्डब्रेड घोड्याचा (गाडीला जुंपून पळवायच्या शर्यतींची ही जात) वंश त्याच्या चार मुलांपैकी कुणातरी एकाशी जाऊन भिडतो.

तिथून गोशेनला गेलो. इथला हिस्टॉरिक ट्रॅक १८३८ पासूनचा, शेजारीच हार्नेस रेसिंगचं, म्हणजे या गाडीच्या शर्यतींचं, संग्रहालय. महालक्ष्मीला भरधाव सुटलेले घोडे पाहिलेल्या डोळ्यांना हा प्रकार आधी मिळमिळीत वाटतो. घोडा दुडकीसारख्या ठरावीक चालीनेच पळायचा, मागे दोन चाकांची हलकी गाडी, म्हणजे सल्की, तिच्यावर पाय फाकवून बसलेला ड्रायव्हर. सरावाला एक तपकिरी घोडा आला. पुढचा डावा आणि मागचा उजवा पाय एकदम पडत होते, अगदी ठेक्यात. वळणावर मात्र चाल मोडून तो चौखूर उधळला. ड्रायव्हरने लगाम खेचून त्याला लगेच दुडकीवर आणलं. शर्यतीत असं झालं तर घोडा ताळ्यावर येईपर्यंत बाकीचे पुढे निघून जातात. हे कळल्यावर मिळमिळीतपणा पार गेला. उधळायची ऊर्मी दाबून एवढ्या वेगाने पळणं जास्त अवघड, असं माझं मत झालंय.

त्याच्या नावाची हॅम्बलटोनियन शर्यत १९२६ पासून चालू आहे. बरीच वर्षं ती गोशेनलाच व्हायची. आता ऑगस्टमध्ये मेडोलँड्सला होते, म्हणजे आमच्याच जर्सीत. यंदा जायचंच.