अकरावी ओळ सापडेना

आमच्या वाचनालयात आबासाहेबांच्या, म्हणजे आमदार गणपतराव देशमुखांच्या, कारकिर्दीचा फलक लावायचं ठरलं आणि मजकुराचं काम माझ्या गळ्यात पडलं. सांगोल्यात त्यांच्याबद्दल लिहायचं म्हणजे सोपं, असं वाटलं होतं. शेतकरी कामगार पक्ष, एकच मतदारसंघ, अकरा वेळा आमदार. तासाभराचं काम!

ऐकीव माहितीवर लिहायचं नाही एवढं मात्र पक्कं होतं. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर प्रत्येक विधानसभा निवडणुकीचा अहवाल फुकट मिळतो, मतदारसंघनिहाय उमेदवार, पक्ष, मतं सगळं असतं. १९६२ पासूनचे उतरवून घेतले. पहिली ठेच शोधातच लागली. ‘सांगोला’ टाकलं तर काही येईना, कारण कागदोपत्री मतदारसंघ ‘सांगोले’ आहे. मग सरळ पानं चाळत बसलो.

१९६२, १९६७. १९७२ ला पराभव. पुढे १९७८, १९८०, १९८५, १९९०. १९९५ ला शहाजीबापू पाटलांकडून दोनशेच्या आत मतांनी हार. मग १९९९, २००४, २००९, २०१४. बोटं मोजली तर विजय दहाच. पुन्हा मोजले, तरी दहाच. ज्या आकड्यासाठी राज्यभर सत्कार झाले तोच चुकीचा, असं फलकावर लिहायचं की काय? दोन दिवस मी कुणाला बोललो नाही.

शेवटी थोरल्या चुलत्यांना विचारलं. ते म्हणाले, “अरे, मधली पोटनिवडणूक विसरलास व्हय? दुष्काळानंतरची?” १९७२ ला निवडून आलेले काँग्रेसचे काकासाहेब साळुंखे-पाटील वारले आणि १९७४ च्या पोटनिवडणुकीत आबासाहेब परत आले. मी चाळत होतो ते अहवाल सार्वत्रिक निवडणुकांचे, त्यांत पोटनिवडणूक येणार कुठून! चौथ्या विधानसभेच्या सदस्यांच्या यादीशी ताडून पाहिलं, तेव्हा जीव भांड्यात पडला.

दुसरा घोळ विक्रमाचा. २०१४ ला सगळीकडे छापून आलं होतं की आबासाहेबांनी तमिळनाडूच्या करुणानिधींचा दहा विजयांचा विक्रम मोडला. करुणानिधींचीही यादी काढली. १९५७ पासून २०११ पर्यंत बारा विजय, २०१६ ला तेरावा. केरळात पाला मतदारसंघाचे के. एम. मणीही तेरा वेळा निवडून आलेले. समितीत मी हे मांडलं तेव्हा काही जण नाराज झाले. एकाने तर मी कोणत्या पक्षाचा, असं विचारलं. पण ‘देशातील विक्रम’ हे शब्द मी काढायला लावले. कधी एसटीने विधानभवनाला जाणाऱ्या माणसाला उसना विक्रम कशाला?

वर्षांचंही तसंच. कुणी पन्नास सांगतं, कुणी पंचावन्न. १९६२ ते ७२, १९७४ ते ९५, १९९९ ते २०१९ अशी बेरीज केली की साधारण ५१ भरतात. तेवढीच लिहिली. मंत्रिपदं एका ओळीत उरकली: १९७८ चं पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकार आणि १९९९ चं विलासरावांचं.

पेंटरने तोवर माझ्या पहिल्या कागदावरून दहा ओळी आखून ठेवल्या होत्या. पुन्हा आखायचे वेगळे पैसे पडतील म्हणाला. मग १९६७ आणि १९७८ च्या मधल्या फटीत, जरा बारीक अक्षरात, १९७४ बसवलं.