५७वी लाईन, भाग ६: पॅकचं कातडं अखेर जमलं

जमलं! नेपोलियनच्या फ्रेंच पायदळाच्या ५७व्या लाईन रेजिमेंटचे छोटे शिपाई मी टेबलावरच्या युद्धखेळासाठी रंगवतेय. चौथ्या खेपेला का होईना, त्यांतल्या फ्युझिलियर्सच्या (साध्या शिपायांच्या) पॅकवरचं, म्हणजे पाठीवरच्या पिशवीवरचं, केसाळ कातडं आता कातडं वाटतंय. मागच्या भागातल्या फोटोंत काथ्याची पायपुसणी बांधल्यासारखं दिसत होतं.

पॅकसाठी एवढा जीव का काढायचा, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा बटालियन टेबलावर मांडून बघावी. चेहरे, लॅपल, शाकोवरची (उंच लष्करी टोपीवरची) पितळी पाटी हे सगळं समोरच्या खेळाडूच्या वाट्याला. आपल्याला दिसतात त्या आपल्या शिपायांच्या पाठी. मला मांडायचाय नेपोलियनच्या रशियातल्या बोरोदिनोच्या लढाईचा डाव, ७ सप्टेंबर १८१२, मार्शल दाव्हूच्या कोअरमधली जनरल काँपाँची डिव्हिजन. म्हणजे संपूर्ण संध्याकाळ चोवीस पॅक माझ्या डोळ्यांसमोर.

फ्रेंच पॅक वासराच्या कातड्याचा, केस बाहेरच्या अंगाला. माझ्या फिगर्सवर हे केस साच्यातच इतके खोल कोरलेत की ड्रायब्रश (जवळजवळ कोरडा ब्रश) फिरवला की नुसते उंचवटे उजळतात आणि शिपाई अस्वल पाठीवर घेऊन निघालेला दिसतो. दुसऱ्या खेपेला अगदी बारीक डबल झीरो ब्रशने एकेक केस ओढला, तर सागवानी फळी तयार झाली. तिसऱ्यांदा ठिपके मारले. ते बरे उतरले होते, पण जुलैतल्या एका दमट संध्याकाळी सहा फिगर्सवर मॅट वार्निशचा स्प्रे मारला आणि सगळ्यांवर पांढरा धुरकट थर बसला. ब्रशने ग्लॉस वार्निशचा हात दिल्यावर कोट आणि शाको पुन्हा उजळले. पॅकच्या खाचांतलं पांढरं मात्र गेलं नाही. पावसाळ्यात स्प्रेला हात लावायचा नाही, हे आता माझ्यापुरतं कायमचं ठरलं. मॅट वार्निश ब्रशनेच.

उत्तर सापडलं मामांच्या गोठ्यात. त्यांच्याकडे जर्सी संकरित गाईचं तांबडं वासरू आहे. (जर्सी बेट फ्रान्सच्या किनाऱ्याजवळचंच, त्यामुळे रंगाच्या बाबतीत फार लांब नव्हते.) मी त्याच्या पाठीवर वाकून बसले होते, तर मामा म्हणाले, "भोवरा बघतेस काय गं?" खरंच, खांद्याजवळ भोवरा होता आणि तिथून सगळे केस एकाच दिशेने चापून बसले होते. चार पावलं मागे सरकले तर केस दिसेनात. दिसत होती ती फक्त चकाकी, आणि कण्याकडून पोटाकडे फिकट होत जाणारा रंग. २८ मिमीची फिगर हातभरावरून बघणं म्हणजे तोच शिपाई तीस-पस्तीस पावलांवरून बघणं. तिथून केस कसले दिसतायत!

म्हणून केस रंगवणं सोडलं. आधी मिस्टर सरफेसर ५०० हा दाट प्रायमर ब्रशने लावून खाचा अर्ध्याअधिक बुजवल्या. त्यावर वालेहो कंपनीचा बेज ब्राऊन रंग, आणि तो ओला असतानाच कडेला लेदर ब्राऊन ओढून घेतला. वाळल्यावर जुन्या कॅम्लिनच्या ब्रशचे केस आखूड कापून, तिरप्या हाताने, एकाच दिशेने थोडा फिकट रंग टेकवला. यासाठी महागडा सेबल ब्रश वाया घालवू नका, इथे कापलेला स्वस्त ब्रशच चांगलं काम देतो. मग तपकिरी इंकचे दोन पातळ ग्लेझ (पारदर्शक थर), आणि शेवटी मॅटऐवजी सॅटिन वार्निश. कोट मॅट, पॅक सॅटिन. लोकर आणि कातडं यांतला फरक तिथे एकदम उठून आला. पहिला पॅक दिव्याखाली कितीतरी वेळ फिरवून फिरवून बघत होते.

चोवीसही पॅक एकाच रंगाचे करणार होते, पण आता बेत बदललाय. कातडी काय एका वासराची थोडीच होती? दहा-बारा तांबडे, पाच-सहा गडद, चार बांडे आणि उरलेले भुरे. बांड्यांवर पांढरे डाग मात्र आयव्हरीने, शुद्ध पांढऱ्याने नाही. नाहीतर डाग आणि शिपायांचे पांढरे पट्टे एकमेकांत हरवतात.

पट्ट्यांवरून आठवलं. पॅक करताना लक्षात आलं की तीन फ्युझिलियर्सना छातीवर दोन पट्टे आणि कमरेला ब्रिकेट, म्हणजे आखूड तलवार आहे. साध्या फ्युझिलियरला तलवार नको. त्याला एकच पट्टा, काडतूसपेटीचा, आणि संगिनीचं म्यानही त्यालाच अडकवलेलं. सगळ्यांचे जादा पट्टे तासायला घेतले होते, तेवढ्यात कॉर्पोरल आठवले. त्यांच्याकडे तलवार असायची. १८०८च्या रचनेत १४० जणांच्या कंपनीत ८ कॉर्पोरल, म्हणजे चोविसांत एक, फार तर दोन. तेव्हा दोघांच्या मनगटांवर कॉर्पोरलच्या हुद्द्याच्या नारिंगी लोकरी पट्ट्या चढतील आणि फक्त तिसऱ्याची तलवार कापायची. पाँपाँ (शाकोवरचे लोकरी गोंडे, प्रत्येक कंपनीचा रंग वेगळा) चारही कंपन्यांचे मिसळणार होते, तेही रद्द. सगळी पहिली कंपनी, गडद हिरवा.

आता पॅकवर गुंडाळलेले ग्रेटकोट, म्हणजे लांब ओव्हरकोट. तेही सगळे एका करड्या रंगात संपवायचे होते, पण कातड्यांत एवढी विविधता आणल्यावर कोट एकसारखे बरे दिसणार नाहीत. बेज, करडा, मातकट असे तीन रंग काढून ठेवलेत. सहा पॅक स्टीलच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत वाळतायत. रविवारी उरलेल्या अठरांवर सरफेसर.