गच्चीवरची भाजी, खालची पंगत आणि मधला ठराव

आमची पुण्यातील सहकारी गृहनिर्माण सोसायटी साधीच आहे. गच्चीवर भाजी पिकवावी आणि महिन्यातून एका रविवारी तिची अंगतपंगत पार्किंगमध्ये मांडावी, एवढीच आमच्यापैकी काही कुटुंबांची इच्छा होती. डेन्मार्कमध्ये १९७० च्या दशकात जी सहनिवासाची घरे उभी राहिली, त्यांच्या आराखड्यातच सामायिक स्वयंपाकघर असते. आपल्याकडे इमारत आधी बांधून होते आणि एकत्र जेवायचे असेल तर जागा नंतर मागावी लागते. ती कशी मागावी, हे आम्हाला फार रखडत कळले, आणि त्याचा राग मला अजून आहे.

नमुना मात्र जवळचा होता. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर तिथल्या केटरिंग अधिकारी प्रीती पाटील यांनी तिथल्याच ओल्या कचऱ्यावर शेती केली, आणि त्या पद्धतीच्या मुळाशी श्रीपाद दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराचा, म्हणजे स्वतः प्रयोग करून शिकणाऱ्या शेतकऱ्यांच्या गटाचा, विचार होता. त्यामुळे पिकवायचे कसे, हा प्रश्न आम्हाला फारसा पडला नाही. प्रश्न पडला तो परवानगीचा.

सचिवांनी सुरुवातीला हसतमुखाने सांगितले की विषय वार्षिक सर्वसाधारण सभेत मांडा. ही सभा ३० सप्टेंबरपूर्वी व्हावी लागते, म्हणून आम्ही पावसाळाभर थांबलो. सभेत आमचा विषय ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ या शेवटच्या कलमाखाली आला, आणि तोपर्यंत निम्मे सभासद चहाकडे वळले होते. उरलेल्यांनी माना डोलावल्या. इतिवृत्तात मात्र एवढेच उमटले : ‘गच्चीच्या वापराबाबत चर्चा झाली.’ ठराव नाही, सूचक नाही, अनुमोदक नाही. त्यानंतर समिती म्हणू लागली की सर्वसाधारण सभेचा ठराव नसताना आम्ही परवानगी कशी देणार, आणि सभासदांना विचारले तर ते म्हणत की हे समितीचेच काम आहे. मध्येच समितीने स्ट्रक्चरल इंजिनिअरचे पत्र मागितले. ते आणून दिल्यावर वरच्या मजल्यावरील सभासदांची लेखी संमती हवी, असे निघाले. ती दिल्यावर गळती झाल्यास खर्च कोण करणार, याचे हमीपत्र. यातील एकही मागणी गैर नव्हती. चीड याची येते की कोणी सगळ्या मागण्या एकदाच कागदावर लिहून देत नव्हते, आणि सगळे दिल्यानंतरही गाडी पुन्हा त्या न झालेल्या ठरावापाशीच येऊन थांबत होती.

सुटका झाली ती एका निवृत्त सभासदांमुळे. त्यांनी उपविधी, म्हणजे सोसायटीची नियमावली, काढून दाखवले : एकपंचमांश सभासदांनी सह्यांनिशी लेखी मागणी केली, तर विशेष सर्वसाधारण सभा महिन्याच्या आत बोलवावी लागते आणि तिला पूर्ण पाच दिवसांची नोटीस पुरते. आम्ही ठरावाचा मसुदा स्वतः लिहिला, त्यात जागा, मुदत, पाण्याची वेळ आणि जबाबदार व्यक्तींची नावे घातली आणि त्याखाली सह्या घेतल्या. ठराव बघता बघता मंजूर झाला, आणि त्याला अनुमोदन दिले ते समितीतल्याच एका सदस्याने! म्हणून सांगतो, तोंडी होकारावर विसंबू नका आणि आपला विषय ऐनवेळच्या विषयांत मुळीच जाऊ देऊ नका. तो नोटिशीत क्रमांकासह छापून येईल याची खात्री करा.

इंजिनिअरकडे जाण्याआधी वजनाचा हिशेब समजून घेतलेला बरा. माणसांचा वावर असलेल्या गच्चीवर आराखड्यात साधारणतः दर चौरस मीटरला १५० किलो वापराचा भार धरतात, आणि फूटभर ओली मातीच ५०० किलोच्या पुढे जाते. त्यामुळे आम्ही वाळलेली पाने, रसवंतीची चिपाडे आणि कंपोस्ट यांवरच भर दिला. मातीचा वापर मुठीमुठीने. वाफे विटांवर उचलून तुळयांच्या रेषेत ठेवले आहेत, म्हणजे खालची फरशी झाडता येते आणि ओल कुठे धरली आहे, ते दिसते. वरच्या मजल्यावरच्या काकूंना सर्वांत जास्त धीर त्यानेच आला. अमृतजल या झाडांना द्यायच्या पातळ खतासाठी १० लिटर पाण्यात १ किलो ताजे शेण, १ लिटर गोमूत्र आणि ५० ग्रॅम काळा गूळ घालून तीन दिवस मुरवतो आणि मग दहापट पाण्यात मिसळून देतो. पिंप जिन्याच्या दारापासून लांब ठेवावे, नाहीतर वासाची तक्रार दुसऱ्याच दिवशी येते.

पंगतीचे एक मात्र आधी लक्षात घ्यावे. पावसाळ्यात पालेभाज्या जोमाने येतात आणि नेमक्या चातुर्मासात आमचे जैन शेजारी त्या खात नाहीत, तर काही मराठी घरांत कांदा, लसूण आणि वांगे बंद असते. त्यामुळे त्या महिन्यांसाठी दुधी, दोडका, पडवळ आणि घेवडा मुद्दाम लावतो. अळू आणि अंबाडी ज्याची त्याने घरी न्यावी. स्वयंपाकाच्या पाळ्या दोन-दोन घरांच्या आहेत आणि त्याबद्दल कधी कुरबूर झालेली नाही.

पंगतीची वर्गणी सोसायटीच्या देखभाल खात्यात जमा करू नका. वेगळी वही ठेवा, नाहीतर तेलाच्या डब्याचे बिलसुद्धा समितीपुढे मंजुरीला जाते.